दोन्ही बाजू मुलीकडच्या

लग्न मी कधी पुढून पाहिलं नाही. चाळीस-एक वर्षं लग्नांतच गेली, पण माझी जागा मांडवाच्या मागे, ताडपत्रीच्या आडोशाला, चुलीपाशी. पुढे वाजंत्री जोरात वाजली की समजायचं, अक्षता पडल्या, आता तेल तापवायला घ्या. नवरी कशी दिसत होती आणि नवरदेव केवढा उंच होता, हे मला दुसऱ्या दिवशी घरी बायको सांगते. ती पाहुणी म्हणून आलेली असते, मी कामाला.

माझं नाव भवरलाल. आजोबा राजस्थानातून शहाद्याला आले ते एका शेठजींच्या घरी स्वयंपाकाला. वडील आचारी झाले, मीही झालो. आमच्याकडे आचाऱ्याला महाराज म्हणतात. अख्खं गाव आपल्याला महाराज म्हणतं आणि आपण मात्र कांद्याच्या पोत्यावर बसून चहा पितो, ही गंमत मी रोज अनुभवली आहे. घरात आम्ही मारवाडी बोलतो, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि हे लिहितोय ते शाळेतलं मराठी. शाळा सातवीपर्यंतच, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

खानदेशातलं लग्नाचं जेवण म्हणजे वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी. बाहेरच्यांसाठी सांगतो. गहू जाडसर दळायचे, त्यात थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. घट्ट मळून गोळे करायचे, ते आधी वाफवायचे, मग चिरून तळायचे. ताटात बट्टी कुस्करायची, वर तुरीचं वरण, वरणावर तूप. तूप नसेल तर ते जेवण नव्हे, ती शिक्षा. आणि बट्टी तळल्यावर अर्ध्या तासात पानात पडली पाहिजे. पुढे तिचा दगड होतो. आमच्या धंद्याचं सगळं शहाणपण या अर्ध्या तासात आहे.

कोणी लग्नाचं काम सांगायला आलं की माणसं किती, हा माझा दुसरा प्रश्न. पहिला असतो, मुलीकडचं की मुलाकडचं? कारण त्यावर सगळं ठरतं. पहिली पंगत वराकडची. ते पाटावर बसणार, ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती. मुलीकडचे कमरेला उपरणं बांधून वाढणार, आग्रह करणार, नंतर जेवणार. नवरीचे आईबाप तर सकाळपासून उपाशी, ते सगळ्यांत शेवटी. मुलीचा बाप माझ्याशीसुद्धा हात जोडून बोलतो, मग तो पन्नास एकरांचा धनी का असेना. मुलाचा बाप मला 'ए महाराज' म्हणतो.

एका लग्नात नवरदेवाचा मामा पंगतीत रुसून बसला. का, तर त्याच्या वरणावर तुपाची धार शेजारच्यापेक्षा बारीक पडली. नवरीचा बाप, काका, आजोबा, सगळे त्याच्यापुढे ओळीने उभे. मी मागून हे बघतोय आणि कढईतल्या बट्ट्या लाल व्हायला लागल्यात. शेवटी मी तुपाचं भांडंच नेऊन मामांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "हाई बठं तुम्हनं, आते जेवा," म्हणजे हे सगळं तुमचंच. मंडळी हसली, मामाही हसला. पण नवरीचा बाप हसला नाही, त्याचे हात जोडलेलेच होते. हे मला तेव्हा फार विनोदी वाटायचं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी बरीच वर्षं विनोद म्हणूनच सांगत होतो. तेव्हा मी तिशीचा असेन. बाजारपेठेच्या गावातलं व्यापारी घराण्यातलं लग्न, मुहूर्त दुपारचा. सकाळी अकराच्या सुमाराला नवरदेव एकटाच मांडवाच्या मागे आला आणि माझ्या कांद्याच्या पोत्यावर बसला. डोक्याला मुंडावळ्या, तोंडाचा रंग उडालेला. म्हणाला, "महाराज, मला हे लग्न नको." मी म्हटलं, मुलगी पसंत नाही का? तो म्हणाला, "मुलगी चांगली आहे. मलाच बायकांबद्दल तसं काही वाटत नाही. माझा जीव दुसरीकडे आहे." आणि त्याने मांडवाकडे पाहिलं. तिथे त्याचा एक मित्र खुर्च्या मांडत होता. मला कळलं. मला काही कळलं नाही असं आज मी म्हणू शकतो, पण ते खोटं होईल.

मी काय केलं? त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. म्हटलं, घाबरू नकोस, सगळ्यांनाच असं होतं, दोन महिन्यांत सगळं ठीक होतं. माझ्या खांद्यावरच्या पंच्याने त्याचं तोंड पुसलं आणि त्याला धरून त्याच्या मामाच्या हवाली केलं. मामांनी मला वेगळी बक्षिसी दिली. पुढे कित्येक वर्षं भट्टीभोवती माझ्या माणसांना मी हा किस्सा रंगवून सांगायचो, पळणारा नवरदेव महाराजाने कसा वळवून आणला. सगळे पोट धरून हसायचे.

मग सात-आठ वर्षांनी तळोद्याकडे एका लग्नाचं काम आलं. मागच्या अंगणात बायका लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांतली एक माझ्याकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "महाराज, माझ्या लग्नात तुम्हीच होतात. बट्टी चांगली झाली होती." मी ओळखलं. ती कायमची माहेरी परत आली होती, आता भावाचं लग्न होतं. ती एवढंच बोलली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. त्या दिवसापासून तो किस्सा मी सांगितला नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, आणि हसवायला नाही.

त्या मुलाला परत पाठवलं याचं मला वाईट वाटतं. त्या मुलीचं जास्त वाटतं, कारण तिला तर कोणी विचारलंही नव्हतं. मी लग्न मोडायला हवं होतं असं नाही, आचाऱ्याच्या हातात काय असतं. पण निदान पंचा खांद्यावरच ठेवायला हवा होता.

हे सगळं आठवण्याचं कारण दोन वर्षांपूर्वीचा एक फोन. तापीकाठचं गाव, नाव लिहीत नाही. फोन करणारे दशरथभाई, केळी आणि कापूसवाले शेतकरी. त्यांचे पूर्वज गुजरातेतून येऊन इथे स्थिरावले. त्यांच्या मुलाच्या लग्नाला मीच होतो. म्हणाले, "महाराज, मन्ही निमानं जेवण शे. माघ महिनामा."

मी सवयीने विचारलं, "म्हणजे मुलीकडनं. मुलाकडला कठला?"

 मग म्हणाले, "दोन्ही बाजू पोरीकडन्याच शेतस."

मला वाटलं जोडलग्न, दोन मुली एकाच मांडवात उजवायच्या. मी म्हटलं, "मंग दुप्पट धरू का? धाकलीना नवरदेव कठला?"

"धाकली कठे शे मले? एकच आंडेर शे. निमा नी तिनी मैत्रीण, रोहिणी. त्या दोन्हींनं शे."

आंडेर म्हणजे मुलगी. मी कॅलेंडर बघतो म्हणून फोन ठेवला. कॅलेंडर समोरच भिंतीवर होतं आणि ती तारीख रिकामी होती. खरं सांगायचं तर मी घाबरलो. असं काही केलं तर पुढची कामं मिळतील का, समाज काय म्हणेल, हेच डोक्यात आलं. टीव्हीवर अशा जोडप्यांच्या कोर्टाच्या बातम्या मी पाहिल्या होत्या, आणि चॅनेल बदललं होतं. ते दिल्ली-मुंबईचं प्रकरण, बट्टी खाणाऱ्यांचं नाही, अशी माझी समजूत होती. दोन दिवस मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी पंचा धुऊन दोरीवर टाकताना त्या लसूण सोलणाऱ्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी हात पुसून दशरथभाईंना फोन केला आणि म्हटलं, येतो.

सामानाची यादी करायला गेलो तेव्हा त्यांनीच सगळं सांगितलं. निमा सुरतेला दवाखान्याच्या लॅबमध्ये, रोहिणी तिथेच नर्स. सात वर्षं एकत्र राहतात. हे कळल्यावर दशरथभाई दोन वर्षं मुलीशी बोलले नाहीत. मग एकदा तिला परत आणायचंच म्हणून सुरतेला गेले आणि चार दिवस राहिले. "काय देखं तठे?" मी विचारलं. ते हसले. "महाराज, त्या भांडतीस. पाणीनी मोटर कोनी चालू ठेवी, दूध कोनी उतू घालं. मन्ही बायको नी मी जशे भांडतस, अगदी तशेच. चौथा दिवस मी उगाच बठेल व्हतू, नी मले ध्यानमा उनं, हाई तं संसार शे. मंग काय बोलू?"

कागदावर असं लग्न होत नाही हे त्यांना माहीत होतं. कागद नाही तर निदान पंगत तरी, असं त्यांचं म्हणणं. चार लोक जेवून गेले की लग्न झालं, आपल्या आजा-पणजांच्या लग्नांना तरी कुठला कागद होता?

पण लोक जेवायला हवेत ना. अडचण तिथेच होती. भाऊबंदांतले सगळ्यांत मोठे, दशरथभाईंचे सख्खे थोरले भाऊ हिरालाल, सगळे त्यांना जिभाऊ म्हणत. देवधर्माचा माणूस, पहाटे स्नान, रोज पोथी. त्यांनी सांगून टाकलं होतं, "दशरथ, तुन्हा दारमा येसूत. भाऊबंद शेतस, यावंच लागी. पन जेवाव नही. हाई आपला धरममा बसस नही." म्हणजे दारात येतील, पण जेवणार नाहीत. त्यांच्यामागे सगळी भावकी. आणि त्या घराची एक जुनी रीत आहे. मुलीच्या लग्नात बापाचा उपवास थोरला भाऊ सोडवतो, म्हणजे शेवटच्या पंगतीला शेजारी बसून जेवतो. तो बसला नाही तर बाप जेवत नाही. दशरथभाई मला म्हणाले, "जिभाऊ नही बठना ते मी त्या दिवस उपाशीच झोपसू. पन लोकेसले सांगू नका." लग्न लागेल की नाही याची त्यांना काळजी नव्हती. थोरला भाऊ शेजारी बसेल की नाही, एवढीच होती.

भटजींची वेगळीच कथा. आमचे गुरुजी शहाद्याचे, तीस वर्षं आम्ही एकाच मांडवात, ते पुढे मी मागे. मी त्यांना विचारलं, येणार का? ते म्हणाले, "मंगलाष्टकं म्हणणार नाही. पोथीत वर आहे आणि वधू आहे. दोन वधूंचा विधी मला कोणी शिकवला नाही, आणि मी मनाने रचणार नाही." मला वाटलं संपलं. पण ते सुपारी कातरत पुढे म्हणाले, "भवरलाल, माझे वडील विधवेचं लग्न लावायला जात नसत. मी जातो. माझा मुलगा काय करील मला माहीत नाही. मी सत्यनारायण घालतो. पूजेला कोण बसलंय ते देव बघतो, मी पोथी बघतो." आता सत्यनारायण नव्या जोडप्याला लग्नानंतर बसवतात हे गुरुजींना माहीत नव्हतं असं थोडंच आहे. ते पुढच्या दाराने आले नाहीत, मागच्या दाराने आले, एवढंच.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळं सामान चढवून आम्ही पोचलो. विसरवाडीहून दोन गाड्या भरून रोहिणीकडची माणसं आली. तिचे वडील नाहीत. आई कमलबाई, हायवेवर छोटं हॉटेल चालवते, ट्रकवाल्यांना जेवू घालते. उतरल्या त्या थेट माझ्या चुलीपाशी. झाकण उघडलं, भाजी चमच्याने तळहातावर घेतली, चाखली आणि म्हणाल्या, "मीठ कमी शे." चाळीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. मी चाखून पाहिलं. मीठ कमी होतं. मी मुकाट्याने घातलं.

पूजा सुरू झाली. निमा आणि रोहिणी शेजारी शेजारी पाटावर, दोघींच्या हिरव्या साड्या. हे मी पाहिलं, कारण त्या दिवशी माझं लक्ष कढईत लागेना आणि मी ताडपत्री बाजूला करून बघत होतो. प्रसाद झाला, त्यांनी एकमेकींना हार घातले, टाळ्या थोड्या वाजल्या. भावकी ओट्यावर हाताची घडी घालून बसलेली. निमा मागे माझ्याकडे आली, मुंडावळ्या सारख्या करत. म्हणाली, "काका, लोकं जेवतील ना?"

मी म्हटलं, "भवरलालना हातनं शे. जेवतील." पण मला खात्री नव्हती.

आणि इथे मी चूक केली. आयुष्यभराची सवय. बट्टी तळायला घेतली आणि माझ्या माणसांना ओरडून सांगितलं, "वराकडनी पंगत लावा!" त्यांनी लावली. एकवीस पाट, रांगोळी, उदबत्ती, चकचकीत ताटं. मी झारा ठेवून बाहेर आलो आणि पाहतो तो सगळा मांडव त्या एकवीस रिकाम्या पाटांकडे बघत उभा.

दशरथभाई हात जोडून कमलबाईंना म्हणत होते, तुम्ही पाहुणे, तुम्ही बसा. कमलबाई पदर खोचून म्हणत होत्या, "मी पोरनी माय शे. पोरनी माय पहिली पंगतले बठस, आशे कधी देखं का? तुम्ही बठा, आम्ही वाढतस." दशरथभाई म्हणाले, मीही मुलीचाच बाप आहे. विसरवाडीची माणसं वाढायला सरसावली, इकडची चार माणसं वाढायला सरसावली, आणि जेवायला बसायला कोणीच नाही. दोन्हीकडचे मुलीकडचे. दोन्हीकडचे हात जोडलेले. ओट्यावरून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "नवरदेवच नही, ते पहिली पंगत कोनी?"

 निमाने मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पाट मांडले नसते तर सगळे गोडीगुलाबीने कुठेही बसले असते. नवरदेव नाही हे माझ्या पाटांनी सांगितलं होतं. आणि मागे बट्ट्या परातीत निवत होत्या.

तुपावरून रुसलेल्या त्या मामांची पंगत सोडली तर मी कधी मांडवात पुढे गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो, पिठाच्या हातांनी. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पण मला एक गोष्ट पक्की माहीत होती, जी पुढे बसणाऱ्यांना माहीत नसते. शेवटच्या पंगतीला कायम कोण बसतं ते. म्हाताऱ्या, विधवा, राबलेल्या बायका. त्यांच्या पानात गार बट्टी आणि भांड्याच्या तळाचं वरण पडतं, हे मी चाळीस वर्षं माझ्याच डावाने वाढलं आहे. मी म्हटलं, "ज्या बाया आजपर्यंत शेवटनी पंगतले जेवन्यात, त्या ह्या पाटवर बठा. दोन्हीकडन्या."

कोणी हललं नाही. मग कोपऱ्यातून एक म्हातारी काठी टेकत उठली. जिभाऊंची आणि दशरथभाईंची मोठी बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, अख्ख्या गावाची ती फुई. तरुणपणीच विधवा झालेली. म्हणाली, "मी बठस. ऐंशी वरीस व्हयनात, गरम बट्टी मन्हा दातले कधी लागनीच नही. आते दात बी नहीत." आणि जाऊन मधल्या पाटावर बसली. तिच्यामागे विसरवाडीच्या दोन म्हाताऱ्या आल्या, मग इकडच्या तिघी, मग पाट कमी पडले.

बट्टी वाढली, वरण वाढलं, भाजी वाढली. आणि पुन्हा सगळं थांबलं. तूप नव्हतं. म्हणजे होतं, पितळी भांड्यात भरून तयार होतं. पण आमच्याकडे तूप आचाऱ्याची माणसं वाढत नाहीत. तूप घरच्या हाताने वाढायचं असतं, आणि त्या घरात ते भाऊबंदांतल्या मोठ्याच्या हाताने. गेली पंचवीस वर्षं त्या भावकीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात तुपाची धार जिभाऊंच्या हातची. बाकी कोणी भांड्याला हात लावेना. म्हाताऱ्या कोऱ्या वरणासमोर बसून राहिल्या.

फुईने ओट्याकडे पाहिलं. ज्या माणसापुढे गाव दबून असतं त्याला तिने हाक मारली, "हिऱ्या! तूप कठे शे रे? मले कोऱ्या वरणवर जेवाडस का तू?"

जिभाऊ उठले नाहीत. दोन माणसं इकडे तिकडे बघायला लागली. मग ते उठले. ओट्यावरून उतरले, उपरणं खांद्यावरून काढून कमरेला बांधलं, आणि माझ्या हातातून तुपाचं भांडं घेतलं. मला म्हणाले, "जेवाव नही आशे सांगेल व्हतं. वाढाव नही आशे नही." आणि बहिणीच्या ताटात धार सोडली, अशी जाड की वरण दिसेना.

मग काय, मोठा माणूस तूप वाढतोय म्हटल्यावर भावकी ओट्यावर कशी बसणार? एकाने पाण्याचा जग उचलला, एकाने भाजी. नवरदेवाचा प्रश्न विचारणारा माणूस लिंबाच्या फोडी वाटत होता. आग्रह सुरू झाला. दोन्हीकडचे वाढणारे, दोन्हीकडचे आग्रह करणारे. एवढा आग्रह मी कुठल्या लग्नात पाहिला नाही आणि कोणी रुसलं नाही. रुसायला कोणाची बाजूच नव्हती. मला दोनदा जादा घाणा तळावा लागला, आणि तो मी आनंदाने तळला.

शेवटची पंगत दुपार कलल्यावर बसली. दशरथभाई, त्यांची बायको, आणि माझी माणसं. सकाळी चाखलेल्या भाजीपलीकडे कमलबाईही उपाशीच होत्या, पण त्या वाढतच राहिल्या. मुलीच्या आईने बसायचं कसं, हे त्यांच्या अंगातून जाईना. दशरथभाईंच्या शेजारचं एक पान मी रिकामं ठेवलं होतं. ते पान बघून ते स्वतःच्या ताटाकडे बघत बसले.

जिभाऊ तूप घेऊन आले. भावाच्या ताटात धार सोडली. दशरथभाईंनी घास घेतला नाही. जिभाऊ भांडं धरून उभे. मी भाजीची बादली धरून उभा. निमा आणि रोहिणी खांबाला टेकून उभ्या, दोघींनी एकमेकींचा हात धरलेला.

"जेव," जिभाऊ म्हणाले.

दशरथभाई म्हणाले, "जेवसू ना. घाई काय शे." सत्तरीचा माणूस ताटावर वाकून रडायला लागला.

जिभाऊंनी भांडं माझ्या हातात दिलं. हात धुतले. रिकाम्या पानावर मांडी घालून बसले, गुडघे दुखतात म्हणून जरा वेळ लागला. बसल्यावर म्हणाले, "मले हाई समजनं नही, दशरथ. मरेपर्यंत समजाव बी नही. पन तुले उपाशी ठेवीसन मन्हा घास कशा उतरी?" त्यांनी स्वतःच्या हाताने भावाच्या ताटातली बट्टी कुस्करली, लहान मुलाची कुस्करतात तशी.

मग त्यांनी मान वर केली. समोर कमलबाई बादली घेऊन उभ्या होत्या, पंगतीत कोणाला काय हवं ते बघत.

"याहीनबाई," जिभाऊ म्हणाले, "तुम्ही उभ्या काबरं? बठा."

अहिराणीत विहिणीला याहीन म्हणतात. सकाळपासून त्या मांडवात हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नव्हता. कमलबाईंनी मागे वळून पाहिलं, मागे दुसरी कोणी बाई उभी आहे का म्हणून. मागे कोणी नव्हतं. त्यांनी बादली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि निमाच्या आईशेजारी बसल्या.